ताई, उत्तरापुढच्या त्या खुणेबद्दल

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागले की तू ‘पुरे गं’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे उघड पत्र. शिवाय सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नव्याने आलेल्या मुलींना तुझी पद्धत सांगून सांगून माझा घसा बसलाय. त्यांनी आता इथेच वाचावं.

एमपीएससी राज्यसेवेच्या टेस्ट सिरीजचा पेपर झाला की आम्ही आधी मार्क मोजायचो. कट-ऑफच्या वर की खाली, त्यावर त्या दिवसाचा मूड. तू मात्र आन्सर की हातात द्यायच्या आधी प्रत्येक उत्तरापुढे खूण करायला लावायचीस. ‘प’ म्हणजे पक्कं, ‘अ’ म्हणजे अर्धवट, ‘तु’ म्हणजे तुक्का. मग तपासणी, आणि त्यात सगळ्यात आधी ‘प’ लिहून चुकलेले प्रश्न.

पश्चिम घाटातलं सर्वोच्च शिखर आठवतंय? टेबलावरच्या बहुतेकींनी डोळे झाकून कळसूबाई लिहिलं, पुढे ठसठशीत ‘प’. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. पण पश्चिम घाटात तो मान केरळच्या अनाईमुडीचा, २६९५ मीटर. काय गलका झाला होता! बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००१ मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं होतं, हे मी फार नंतर वाचलं: खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं की दुरुस्ती जास्त पक्की बसते, कारण माणूस चमकतो आणि नीट लक्ष देतो. पुढे २०११ च्या एका अभ्यासात असंही दिसलं की आठवड्याभरात बरोबर उत्तर विसरलं, तर ती खात्रीची चूकच पुन्हा डोकं वर काढते. तू पुढच्या रविवारी तेच प्रश्न परत विचारायचीस, ते तेव्हा नुसती कटकट वाटायचं.

‘अ’ लिहून बरोबर आलेली उत्तरंही तू सोडायची नाहीस. टिक पडल्यावर कोण परत बघतं? “हे आलं नाही, लागलं,” म्हणायचीस आणि पुस्तक उघडायला लावायचीस.

माझं दुखणं वेगळंच होतं. निगेटिव्हच्या धाकाने ‘अ’वाले प्रश्न मी कोरेच ठेवायचे. तू वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडलास. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० मार्क, चुकलं की पाव भाग वजा. दोन पर्याय उडवून उरलेल्या दोनांतून निवडलेले १० प्रश्न धर. ५ बरोबर आले तर १० मार्क, ५ चुकले तर अडीच वजा, हातात साडेसात. मग माझ्याच जुन्या पेपरांतले ‘अ’ मोजून दाखवलेस; निम्म्याहून जास्त बरोबर निघाले. “तुला येतंय गं, पण ती बातमी अजून तुझ्यापर्यंत पोचलेली नाही.” ‘कॉन्फिडन्स वाढव’ सांगणारे पुष्कळ भेटले, ताई. तो मोजून दाखवणारी तू एकटीच.

आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तू सुचवलंस तसं, उत्तर तपासायला द्यायच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलीने माझे मार्क मीच लिहून ठेवते. सध्या सरांपेक्षा माझा हात फारच सढळ आहे. निबंधाचे फोटो पाठवलेत. तहसीलमधून सुटलीस की बघ, आणि मला वाईट वाटेल म्हणून मार्क वाढवू नकोस.

तुझीच,
टेबलावरची शेजारीण