‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे सगळ्या वाइनला लागू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाइनवर लेख आला. त्यात ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं आहे. मी गेली बावीस वर्षं वाइन बनवते. या एका वाक्यावर विश्वास ठेवून लोक चांगल्या बाटल्या कपाटात जपून ठेवतात आणि शेवटी ओतून देतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

काही महिन्यांपूर्वी एक जोडपं टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन माझ्याकडे आलं. “ताई, तुमच्याच हातची आहे,” ते गृहस्थ म्हणाले. लग्नाच्या वर्षी घेतलेली आणि लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला उघडायची म्हणून ठेवलेली. लेबल मी लगेच ओळखलं. माझ्या सुरुवातीच्या काळातली व्हाइट वाइन होती. बाटली इतकी वर्षं उभी राहिली होती, त्यामुळे बूच वाळून आक्रसलं होतं, आणि काढताना त्याचा भुगा झाला. पेल्यात आली ती वाइन मूळच्या फिकट पिवळ्या रंगाची नव्हती, तांबूस तपकिरी होती. आधी मार लागलेल्या सफरचंदासारखा वास आला, त्यामागून व्हिनेगरचा. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. “आम्ही नीट ठेवली नाही का?” बाईंनी विचारलं.

बाटली आडवी ठेवली असती तर थोडा फरक पडला असता, पण खरी चूक माझी होती. ती वाइन मी दोन वर्षांत पिण्यासाठी बनवली होती, आणि बाटलीवर तसं कुठेही लिहिलं नव्हतं.

वाइन किती वर्षं टिकणार हे कपाटात ठरत नाही. त्याची सुरुवात बागेत होते. तोडणीच्या आधीचे दहा-बारा दिवस मी रोज सकाळी ओळीओळीतून फिरते, मणी तोंडात टाकते आणि बी चावून बघते. हिरवी बी दाताखाली कच्ची, तुरट लागते. पिकलेली तपकिरी होते आणि कुरकुरते. साखर किती चढली ते रिफ्रॅक्टोमीटर सांगतो, पण साखर चढते तसं आम्ल उतरत जातं, आणि आम्ल फार उतरलं की ती वाइन लवकर थकते. दोन दिवस उशीर झाला तरी पुढची पाच वर्षं बदलतात.

पुढचा निर्णय टाकीपाशी. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं आली की लगेच दाबून रस सालींपासून वेगळा करायचा आणि थंड ठेवून सावकाश आंबवायचा, म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. रेड वाइनला मात्र सालीच हव्यात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरसुद्धा बिनरंगाचाच असतो; रंग आणि टॅनिन सालींतून उतरतं. कडक चहाने जीभ कोरडी पडते, ते टॅनिन. रस आंबायला लागला की साली वर येऊन त्यांचा जाड थर धरतो. दिवसातून दोन-तीनदा तो दांड्याने खाली दाबावा लागतो. पहिल्यांदा तो दगडासारखा अडतो, मग एकदम फुटतो, खालून गरम जांभळा फेस उसळतो आणि कार्बन डायऑक्साइडने नाक झोंबतं. (टाकीत कधीही वाकून बघायचं नसतं. त्या वायूने माणसं बेशुद्ध पडून गेली आहेत.) साली रसात पाच दिवस ठेवायच्या की पंचवीस, यावर ती रेड वाइन पुढच्या वर्षी गोडीने प्यायची की दहा वर्षं थांबायची हे बरंचसं ठरतं.

थांबण्याजोग्या वाइन आहेतच. फ्रान्समधल्या बोर्डोच्या चांगल्या रेड वाइनला टॅनिन आणि आम्ल तारतं, तिथल्याच सोटर्न या गोड व्हाइट वाइनला साखर. मदेइरा ही पोर्तुगालच्या मदेइरा बेटाची वाइन बनवतानाच उष्णता आणि हवा सोसून आलेली असते, तिला काळ फारसं बिघडवू शकत नाही. पण जगातली बहुतेक वाइन अशी नसते. बोजोले नूव्हो ही फ्रान्समधली ताजी रेड वाइन तर द्राक्षं तोडल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, आणि तिची मजा त्या ताजेपणातच असते.

जुन्याचं कौतुक मात्र फार जुनं आहे. रोममध्ये ख्रिस्तपूर्व १२१ सालची वाइन गाजली होती. सुमारे दोनशे वर्षांनी तिच्यातली जी शिल्लक होती, ती मधासारखी दाट आणि नुसती पिता येणार नाही इतकी कडवट झाल्याचं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे. तरी लोक ती जपत होते, दुसऱ्या वाइनमध्ये थोडी थोडी मिसळत होते. मला त्या लोकांचं नवल वाटत नाही. बाटलीत आपण एक वर्ष बंद करून ठेवलंय असं वाटतं, आणि ते खरंही आहे: त्या वर्षीचं ऊन, त्या वर्षीचा पाऊस. म्हणूनच ती योग्य वेळी उघडली गेली नाही की मला जास्त लागतं.

आपल्या लेखकांना विनंती, पुढच्या लेखात एवढं जरूर लिहावं: घरात साधी व्हाइट किंवा रोझे (गुलाबी वाइन) असेल तर ती दोन-तीन वर्षांत उघडा. बूच लावलेली बाटली आडवी, अंधारात, गारव्याला ठेवा. लांब ठेवायची असेल तर घेतानाच विचारा. आणि आम्ही बनवणाऱ्यांनी ते न विचारताही सांगायला हवं. आता माझ्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलवर वाइन कधी भरली आणि साधारण कधीपर्यंत प्यावी, दोन्ही छापलेलं असतं.

त्या जोडप्याला मी यंदाची व्हाइट वाइन दिली. घरी न्यायला म्हणून दिली होती. त्यांनी ती तिथेच उघडायला लावली.

आपली,
एक वाइननिर्माती