वचन वाचून झाल्यावर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बायबलचं वाचन नेमाने होतं, पण कामावर गेल्यावर त्याचा मागमूसही राहत नाही, असं तू लिहिलंस. याकोबाने आपल्या पत्रात १:२२–२५ मध्ये हेच मांडलंय: माणूस आरशात तोंड पाहतो, निघून जातो आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरतो. बहुतेकांचं अडतं ते दोन ठिकाणी. वचन सुटं उचललं जातं, आणि त्यातून करायचं काय ते ठरतच नाही.

आधी सुट्या वचनाचं. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे. म्हणून आकडा दिसला तरी तिथे थांबू नकोस, मागचा-पुढचा परिच्छेद वाच. पत्र असेल तर एकदा सगळंच वाच. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, पंधरा-वीस मिनिटांत होतं. ४:१३ (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो’) हे वचन लोक परीक्षेला आणि स्पर्धेला जाताना म्हणतात. पण हे पत्र लिहिणारा पौल बंदिवासात आहे, आणि आधीच्या दोन वचनांत तो भुकेत आणि भरपुरीत सारखंच समाधानी राहायला शिकलो असं सांगतो. म्हणजे ते वचन पैसे पुरत नाहीत त्या महिन्यासाठी आहे, आणि बढती मिळते त्या महिन्यासाठीही. यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’) चंही तसंच. ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि त्याआधी आज्ञा: घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. न आवडणाऱ्या जागी काम करावं लागतं तेव्हा ११ व्या वचनापेक्षा ५ ते ७ जास्त उपयोगी पडतात. सुटं वचन किती दूर नेऊ शकतं हे मत्तय ४ मध्ये दिसतं: सैतानाने येशूला उडी मारायला सांगताना ‘देवदूत तुला सांभाळतील’ या स्तोत्र ९१ मधल्या वचनाचाच आधार घेतला होता.

मग विचार कर: ही आज्ञा आहे, वचनदत्त आशा आहे, नीतिसूत्र आहे, की नुसती घडलेली गोष्ट? इस्राएलाला शत्रूंपासून सोडवायला निवडलेल्या गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे चिन्ह मागितलं म्हणून आपणही नोकरीच्या निर्णयासाठी चिन्हं मागत बसावं असं नाही. देवाने त्याला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि ५ म्हणतं दे. दोन्ही शेजारी ठेवलीत, कारण कोणतं कधी लागू पडतं हे समोरचा माणूस पाहून ठरवायचं असतं.

आता करायचं काय ते. ‘मी प्रेमाने वागेन’ हे ठरवणं नव्हे. इफिसकरांस ४:२८ बघ: चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, हातांनी काम करावं, आणि ते गरजवंताला देता यावं म्हणून. सोडायचं काय, त्या जागी करायचं काय, कोणासाठी, हे तिन्ही आहे. नुसतं सोडलं तर जागा रिकामी राहते आणि जुनी सवय परत येते. चुगली सोडायची असेल तर विषय निघाल्यावर आपण काय बोलणार ते आधीच ठरवून ठेव: ‘हे तिच्याशीच बोलूया.’

भांडणाबद्दल तू विशेष विचारलंस. मत्तय १८:१५–१७ मधला क्रम मोडू नको. आधी एकट्याने, दोघांतच. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत, ते साक्षी म्हणून. ते तुझी बाजू लढवायला नेलेले नसावेत. त्यानंतर मंडळी, म्हणजे चर्च. बिघडतं ते पहिली पायरी गाळल्यामुळे. ग्रुपवर आधी लिहिलं किंवा चौघांना सांगून झालं, की समोरच्याला माघार घ्यायला वाट उरत नाही. हेतू भावाला परत मिळवण्याचा आहे. जायच्या आधी मत्तय ७:५: आपल्या डोळ्यातलं मुसळ आधी काढ. कुसळ काढूच नये असं तिथे म्हटलेलं नाही, नीट दिसल्यावर काढायचंच आहे. हा क्रम मंडळीतल्या माणसांसाठी आहे. विश्वास न ठेवणाऱ्या सहकाऱ्याशी तिसरी पायरी लागू होत नाही, तिथे रोमकरांस १२:१८ धर: आपल्याकडून होईल तितकी शांती. आणि मारहाण, धमकी, लैंगिक त्रास असेल तर कोणालाही ‘आधी एकटी जा’ असं कधीच सांगू नको. तिथे आधी जीव सुरक्षित करायचा आणि कायद्याकडे जायचं. रोमकरांस १३:४ प्रमाणे अधिकारीही देवाचे सेवकच आहेत.

चूक आपली असेल तर ‘सॉरी’ पुरत नाही. गणना ५:७ मध्ये कबुली, पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा, आणि हे ज्याचं नुकसान केलं त्याला. आज तो नियम आपल्यावर बंधनकारक आहे असं मी म्हणत नाही, पण त्यामागचा न्याय अजून तितकाच खरा आहे. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपट परत करायचं कबूल केलं.

पैशांचं थोडक्यात. १ करिंथकरांस १६:२ प्रमाणे दान मिळकतीच्या मानाने आणि आधी बाजूला काढायचं, म्हणजे पगाराच्या दिवशीच. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. कोणाला जामीन राहण्याआधी नीतिसूत्रे ६:१–५ वाच.

कोणाच्या घरी दुःख असेल तेव्हा रोमकरांस ८:२८ (‘देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणाचंच होतं’) ऐकवू नको. वचन खरं आहे, पण ती वेळ १२:१५ ची असते: रडणाऱ्यांबरोबर रडा. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले तेव्हा बिघडलं.

या आठवड्यात इफिसकरांस ४:२५–३२ एवढंच घे. रोज तोच भाग. पहिल्या दिवशी वहीत एकच ओळ लिही: कोण, कधी, काय. रात्री झालं की नाही ते बघ, नाही झालं तर दुसऱ्या दिवशी तीच ओळ ठेव, नवी शोधू नको. आणि ती ओळ पाळायचं बळ मागून दिवस सुरू कर, ते आपल्या अंगचं नसतं. रविवारी उपासनेनंतर फोन कर, कुठे अडलं ते सांग. त्यावर दोघी मिळून प्रार्थना करू.

तुझी आई