पिशवीबंदी अडते ती मासळीपाशी

संपादक महोदय,

प्लास्टिक पिशव्यांवर बंदी हवी की नको, या वादाला गोव्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. जैवविघटन न होणाऱ्या कचऱ्यावरचा आपला राज्य कायदा १९९६ चा आहे. केंद्राच्या नियमांत हातपिशवीची किमान जाडी २०११ साली ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, २०१६ साली ५० झाली, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. आकडा चढत गेला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली पातळ पिशवी मात्र जागची हलली नाही. का हलली नाही, हे पाहायला बाजारातच जावे लागेल.

आधी जाडीचे गणित, कारण त्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत. ३० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच अशी साधी पिशवी घ्या. दोन्ही बाजू मिळून २,७०० चौरस सेंमी प्लास्टिक झाले. २० मायक्रॉनची असेल तर तिचे वजन साधारण ५ ग्रॅम भरते, ५० ची सुमारे १३ ग्रॅम आणि १२० ची सुमारे ३१ ग्रॅम. म्हणजे किलोभर प्लास्टिक गोळा करायला पातळ पिशव्या जवळजवळ दोनशे वेचाव्या लागतात, १२० मायक्रॉनच्या ३२ पुरतात. भंगारवाला पातळ पिशवीकडे ढुंकून पाहत नाही त्याचे कारण हे. त्यात ती माखलेली, चिखलाची. धुवायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. ती वाऱ्याने उडते, गटाराच्या जाळीला चिकटते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी रस्त्यावर येते. मोकाट गुरे उरलेल्या अन्नासकट ती गिळतात. कोटीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, गेलेले प्लास्टिक रवंथ करताना वर येत नाही आणि खालीही सरकत नाही. गोळा वाढत जातो आणि शेवटी पोट फाडूनच काढावा लागतो.

जाडीच्या नियमामागचा विचार त्यामुळे चुकीचा नाही. पण त्याला एक अट आहे: जाड पिशवी ग्राहकाला विकत पडली पाहिजे. तीच फुकट वाटली तर एकेका खरेदीमागे सहापट प्लास्टिक घरात आले, एवढेच होईल. २०१६ च्या नियमांत यावर इलाज होता. प्लास्टिक पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावेत, असे कलम त्यात होते. २०१८ च्या दुरुस्तीत ते वगळले गेले. आयर्लंडने २००२ मध्ये बंदी न घालता पिशवीमागे १५ सेंट आकारले, आणि माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांचा अंदाजी वापर २१ वर आला. आपल्याकडे बंदी आहे, किंमत नाही.

तपासणीचे घोडे कुठे अडते तेही सांगायला हवे. नियमाप्रमाणे प्रत्येक हातपिशवीवर उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली, किंवा जुलै २०२५ पासून छापील बारकोड वा क्यूआर कोडात दिलेली, असावी लागते. छपाई नसेल तर मोजमापाची गरजच नाही, पिशवी बेकायदा. छपाई असेल आणि शंका वाटली तर मोजायचे, पण पट्टीने किंवा व्हर्नियर कॅलिपरने नव्हे. साध्या व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्याने ७५ आणि ९० मधला फरक सांगता येत नाही. ०.००१ मिमी दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर हवा. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: बंद पिशवी तशीच जबड्यात धरली की दोन पदर मोजले जातात आणि ६० मायक्रॉनची पिशवी १२० दाखवते. पिशवी बाजूने कापून एकच पदर घ्यावा, शिवणीपासून आणि घडीपासून दूर पाच ठिकाणी मोजावे. हातात काहीच नसेल तर झेरॉक्सचा कागद घ्या. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) तो कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. पिशवीचा एक पदर त्याहून पातळ लागला तर ती १२० ची नव्हे. आणि हे सगळे पिशव्यांचे पाव किलोचे पुडके घेऊन बसलेल्या कोथिंबीरवालीकडे करण्यापेक्षा ते पुडके तिला ज्याने विकले त्याच्या गोदामात करावे. दंडाची पावती नेहमी पाटीवालीच्याच नावे का फाटते, हा प्रश्न बंदीच्या विरोधकांनी विचारला तर तो रास्तच आहे.

आता पर्याय म्हणून जे विकले जाते त्याबद्दल. ‘कापडी’ म्हणून दुकानात मिळणारी रंगीत पिशवी बहुतेक वेळा कापडाची नसतेच. उजेडात धरा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. कोपऱ्याचा एक तुकडा चिमट्यात धरून जाळला तर तो आकसतो, वितळून थेंब होतो आणि मेणासारखा वास येतो. सुती कापडाची राख होते आणि वास जळक्या कागदाचा. अशा न विणलेल्या पिशवीला नियमाने किमान ६० जीएसएम लागते. हलकी असेल तर उन्हात तंतू पिठासारखे झडू लागतात आणि तो भुगा मातीत जातो.

‘कंपोस्टेबल’ पिशवीला जाडीची अट नाही, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. नुसते हिरवे पान आणि ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेले असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे. खरी कंपोस्टेबल पिशवीही ५८ अंशांच्या आसपास ऊब धरणाऱ्या मोठ्या खतढिगात कुजते. परसातल्या खड्ड्यात, व्हाळात (ओढ्यात) किंवा मांडवीच्या खारफुटीत ती तशीच लोंबत राहते. शिवाय कचरा वेगळा करणाऱ्याला ती आणि साधी पिशवी सारखीच दिसते. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. पिशवीत बांधलेला ओला कचरा तिथे गेला की ती पिशवी आधी फाडून काढावी लागते, मग ती कसलीही असो.

सुती पिशवीही फुकटात पुण्य देत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या हिशोबात, हवामानावरचा भार पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीने यायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षे. तीच प्लास्टिक पिशवी पुढे कचऱ्याच्या डब्यात लावली जात असेल तर आकडा ३२७ होतो. म्हणून नवे कापड न फाडता जुनी चादर शिवावी हे बरे. नवेच घ्यायचे तर ११२ सेंमी पन्ह्याचा मांजरपाट एक मीटर घ्या, आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आटते. ४२ सेंमी रुंदीचे दोन पट्टे काढले की दोन पिशव्यांची अंगे झाली. उरलेल्या २८ सेंमीत ७ सेंमीच्या चार पट्ट्या, प्रत्येक पिशवीला दोन बंद. पिशवी फाटते ती बंदापाशी. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. स्वयंसाहाय्य गटांच्या पिशव्यांत नेमके हेच कमी पडते, आणि ग्राहक म्हणतो, कापडी टिकत नाही.

पण गोव्यात बंदीची खरी परीक्षा कोरड्या मालात नाहीच. तांदूळ-डाळीला पिशवी नेणे लोकांना जमते. फाटकाला पिशवी अडकवून ठेवायची आणि सकाळी पोदेराने (पाववाल्याने) तीत पाव टाकून जायचे, हे तर घरोघरी चालते. अबोलीला केळीचे पान पुरते. घोडे पेंड खाते ते मासळीपाशी. बांगडे आणि तारले वाट्याने, म्हणजे मांडलेल्या ढिगावर, घेतले जातात, कापून घेतले की रक्त आणि पाणी सुटते. कापडातून ते गळते, कागद फाटतो. मग एका पिशवीत दुसरी पिशवी येते, आणि बाजारातली सर्वांत घाण, सर्वांत निरुपयोगी पिशवी तयार होते. तीच पुढे मांजरे-कुत्री रस्त्यावर फाडतात.

यावर बंदीचा फलक लावून काही होणार नाही. किलोभर बांगड्यांना अडीच लिटरचा, चापाच्या झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. ॲल्युमिनियमचा नको, आंबट लागले की खराब होतो. वाट्याने घेताना तराजूचा प्रश्न येत नाही. इसवण (सुरमई) किलोने घ्यायचे तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामा डबा ठेवून टेअरचे, म्हणजे वजन शून्यावर आणणारे, बटण दाबावे लागते. काही विक्रेत्या डबा नाकारतात त्या वजनाच्या भांडणाला कंटाळून. घरी आल्यावर डबा आधी थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने रक्त चिकटून बसते आणि वास जात नाही. नंतर साबण, मग कोकमाच्या आगळाचे किंवा चिंचेचे पाणी.

अचानक बाजारात उतरलेल्याचे काय? त्याच्यासाठी मासळी बाजाराच्या दाराशी पालिकेने अनामत घेऊन झाकणाचे डबे द्यावेत, शंभर रुपये ठेवा, डबा परत केलात की शंभर परत. त्यासाठी एक नळ, एक धुण्याचा कट्टा आणि दोन माणसे लागतील. चतुर्थीनंतर लोक पुन्हा मासळीकडे वळतात, तेव्हा एकाच बाजारात महिनाभर करून पाहावे. गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, म्हणजे माटोळीच्या, बाजारात नकोच, तिथला माल कोरडा आहे.

— एक वाचक, म्हापसा