आईच्या आवडत्या गाण्यावरून बंटीपर्यंत

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, मी आजारी नाही. रविवारी फोनवर हळू बोलते, कारण इथे जर्मनीत रविवार म्हणजे सक्तीची शांतता. ड्रिल चालवायचं नाही, व्हॅक्यूम लावला की खालच्या आजी बेल वाजवतात. काचेच्या बरण्यासुद्धा कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून! मागच्या रविवारी लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन गेले, तर एका काकांनी मला पाटीसमोर उभं करून ती वाचायला लावली. बरण्या परत घरी. कुकरबद्दल अजून कोणी बोललेलं नाही, पण मी डाळ शनिवारीच लावून ठेवते.

आता धाकट्या बंटीचं. बाबा, त्याच्या गाण्याच्या नादाबद्दल ‘तूच समजाव त्याला’ म्हणालात. समजावलं. थोडं तुम्हालाही सांगते.

आईचं आवडतं ‘मोह मोह के धागे’ गाणारा पापोन. हे त्याचं घरातलं नाव, खरं अंगराग महंत. वडील खगेन आणि आई अर्चना, दोघंही आसामी लोकगीतांतली मोठी नावं. वडिलांना ‘बिहू सम्राट’ म्हणायचे, बिहू म्हणजे तिथल्या सणाची लोकगीतं. ऑफिसातल्या गुवाहाटीच्या मैत्रिणीची आजी त्याला अजून ‘खगेनचा मुलगा’च म्हणते. एवढ्या घरातला, तरी ‘जोनाकी राती’ हा आसामी अल्बम २००४ मध्ये आला तेव्हा तो अठ्ठावीस-एकोणतीसचा होता. मग बँड काढला, नाव ‘ईस्ट इंडिया कंपनी’. हसू नका, पूर्वेकडची पोरं म्हणून ते नाव. ‘बर्फी’तलं ‘क्यों’ २०१२ चं, आईचं गाणं २०१५ चं. म्हणजे चाळिशीच्या तोंडावर! आपला बंटी एकवीसचा आहे.

त्याच्या घरात गाणं होतं, म्हणाल. आपल्या घरात नव्हतं? गुरुवारच्या भजनात तुमचा पखवाज असतोच की. बंटी अभंगाला गिटार लावतो म्हणून तुम्ही उठून गेलात, असं आईकडून कळलं. पापोनच्या बँडने तरी दुसरं काय केलं? गावाकडची गाणी घेतली आणि त्यांना गिटार नि इलेक्ट्रॉनिक सूर जोडले. बिहू काही बाटला नाही.

आणि मी पेटी सोडली ती तुमच्यामुळे नाही, हे मी आधीही सांगितलंय. वेळच नव्हता.

डिग्री पूर्ण कर, हे मी त्याला बजावलंय. साठ हजार पाठवलेत, ते फीचेच आहेत. बरं, त्यातले आठ हजार गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपसाठी आहेत, त्याला ओरडू नका, मीच म्हटलं घे. छताचं काम मात्र पावसाआधी करून घ्या, त्याचे वेगळे पाठवते.

मावशीने आणलेल्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. नाही म्हणत नाहीये. गणपतीला यायला जमत नाहीये, रजा संपली. आरतीच्या वेळी फोन लावून ठेवा, माझ्या बाजूचा आवाज बंद ठेवून का होईना, मी ऐकेन. त्या दिवशी रविवार नसला तर मोठ्याने म्हणेनही.

तुमची,
चिऊ