कपलिंगचे दात भरून देणाऱ्या दादांचे आभार

पेरणी तोंडावर आली आणि आमचा पॉवर टिलर रुसला. इंजिन ठणठणीत, गिअरही नीट पडत होता, पण माती फोडणारा रोटर जमिनीत उतरला की कटकट आवाज करून थांबायचा. रोटरकडे ताकद नेणाऱ्या कपलिंगचे, म्हणजे दोन शाफ्ट (फिरणारे दांडे) जोडणाऱ्या दोन भागांच्या जोडाचे, दात झिजून गोल झाले होते. भार आला की एकमेकांवरून घसरायचे. नवा भाग कुठेच मिळेना.

वेल्डिंग करणाऱ्या एका दादांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. कपलिंगचे दोन्ही भाग आधी शाफ्टवरून उतरवले, म्हणजे तेल गळू न देणारं ऑइल सील उष्णतेने जळायला नको. भाग गरम करून वेल्डिंगने दात थोडे थोडे भरले, मग राखेत पुरून सावकाश निवू दिले. घाईने पाणी मारलं तर तडा जातो, हे मला समजावूनही सांगितलं.

खरी मेहनत त्यानंतरची. एका भागाच्या दातांना निळा रंग लावायचा, भाग जुळवायचे, दुसऱ्यावर जिथे रंग उमटेल तेवढंच घासायचं. सगळे दात सारखे टेकेपर्यंत ते उठले नाहीत. "एकाच दातावर भार आला तर तोच आधी तुटेल," म्हणाले. झिजेचं मूळही त्यांनीच शोधलं: बोल्ट सैल होऊन दोन शाफ्ट एका रेषेत राहिले नव्हते. तेही नीट करून दिलं.

दादा, नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पेरणी वेळेवर झाली. तुमचे आणि अंधार पडल्यावर बॅटरी धरून उभ्या राहिलेल्या तुमच्या मदतनीस पोराचे मनापासून आभार.