पाऊणकी, बोंबील आणि एक चप्पल

ताई,

नमस्कार. हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर येईल, ती वाचून दाखवेल. मधलं काही गाळू नकोस गं बाळ, विशेषतः ह्यांच्याबद्दलचं.

होळी झाली की आम्ही निफाडला परत निघू. तिसरा हिवाळा संपला. दरवर्षी थंडीत आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, कधी सहा, कधी पाच. लोकांना ती बातमी, आमच्या घरात मात्र तो आकडा ह्यांच्या छातीत वाजायचा. त्यात पहाटे द्राक्षबागा वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर. डॉक्टर म्हणाले, दिवाळी ते होळी इथून हला. पुतण्याचा बेलापूरचा फ्लॅट रिकामाच होता. 'काकू, गॅलरीतून समुद्र दिसतो,' म्हणाला.

गॅलरीतून काय दिसलं? कांदळवन, त्यापलीकडे राखाडी चिखल, आणि पाण्याचा पत्ता नाही. 'सहा पिशव्या आणि पापडांचे दोन डबे वाहून आणले ते चिखल बघायला?' असं मी ह्यांना विचारलं आणि दोन दिवस बोलले नाही. तेवढ्यात पापडही सादळले.

तिसऱ्या दिवशी दिवाळे गावच्या मासळी बाजारात तुम्ही भेटलात. मी ऐटीत पापलेट मागितलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, 'ते समुद्रातलं. तुमी खाडीवर आलाय ना? मग खाडीचं खावा.' आणि माझ्या पिशवीत बोय टाकलीत. आम्ही गोदावरीकाठचे, मरळ आणि वांब खाल्लेले. बोय चांगली निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पुढे जानेवारीत मी तुम्हाला एकदा रडवेल्या आवाजात विचारलं, की मग समुद्र आहे तरी कुठे? तेव्हा उरणपर्यंतची लोकल नुकतीच सुरू झाली होती. 'बसा तिच्यात नि बगून या,' म्हणालात. आम्ही गेलो, पिरवाडीच्या किनाऱ्यावर पाय भिजवले, भेळ खाल्ली, परत आलो. पाहून झाला समुद्र. त्यानंतर मला खाडीच बरी वाटायला लागली, का ते अजून कळलेलं नाही.

पण मुख्य गोष्ट तिथीची. मी सहज विचारलं होतं, पाणी येतं तरी कधी? तुम्ही कोलंबी सोलत होता. 'आज तिथी काय?' षष्ठी, मी म्हटलं. 'मग साडेचारला.' घड्याळ नाही, मोबाइल नाही. पुढे तुम्हीच सांगितलंत, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आत खाडीत थोडं मागे धरायचं. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा.

मी पाणी गळणारी पिशवी धरून तिथेच उभी राहिले. ताई, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, ही पाऊणकी आमच्या वडिलांनी छडीच्या धाकानं माझ्याकडून पाठ करून घेतली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले तोवर ती पुस्तकातून गेली होती. तिचा उपयोग काय, हे मला ना वडिलांनी सांगितलं ना डी.एड.ला कुणी. साठीनंतर तुम्ही सांगितलंत, तेही कोलंबीचा दोरा काढता काढता.

त्या संध्याकाळी ह्यांनी कालनिर्णय भिंतीवरून काढलं आणि प्रत्येक तिथीखाली पेन्सिलीनं वेळ लिहायला घेतली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये भोंग्यावर जगलेला माणूस हा. निवृत्तीनंतर सकाळी आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसायचे आणि माझ्याकडे बघायचे, जणू मी ड्युटी लावणार आहे. आता खाडीनंच ड्युटी लावली, तीही रोज पाऊण तासानं पुढे सरकणारी. भरतीला नेरूळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर, कारण खाडीतला चिखल बुडाला की रोहित पक्षी तिकडे येऊन थांबतात. ओहोटी लागली की पक्षी चिखलात चरायला परत, आणि हे दिवाळ्याच्या जेटीवर. आमच्या तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. ठाण्याची खाडी गेली २०२२ मध्ये. जेटीवर जो भेटेल त्याला हे ही दोन सालं ऐकवतात. तुम्हाला किती वेळा ऐकवली असतील, त्याबद्दल माफी.

बोंबलांचे आभार वेगळे. पहिल्यांदा मी ते तसेच तव्यावर टाकले आणि त्यांचं पिठलं झालं. तुम्ही घरी आलात, पदर खोचलात, बोंबील मधून चिरून उघडले, मीठ लावलं आणि पाटा मागितलात. फ्लॅटमध्ये पाटा कुठला! तुमची नजर घरभर फिरली आणि ह्यांच्या पान्या-पक्कडींच्या पेटीवर थांबली. ताटावर फडकं, फडक्यावर बोंबील, वर फडकं, वर पोळपाट आणि त्यावर ती पेटी. अर्ध्या तासात वाटीभर पाणी निघालं. तेव्हापासून ती पेटी मी ह्यांना विचारल्याशिवाय घेते.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते. गेल्या वर्षी हे पायात निळी रबरी चप्पल घालून घरी आले, टाच बाहेर लोंबत होती. 'देवळातून चोरीला गेली, एकानं ही दिली.' मी विश्वास ठेवला. यंदा चिंबोऱ्या निवडताना तुम्ही सहज म्हणालात, 'भाऊ पुन्हा उतरले नाय ना गाळात?' आणि माझा चेहरा बघून जीभ चावलीत.

मग सगळं काढून घेतलं. पुनवेची ओहोटी, संध्याकाळचे साडेपाच. पक्ष्यांचा फोटो जवळून हवा म्हणून पायरीवरून खाली उतरले. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत. धडपडले तसे आणखी आत. तुम्ही होडीवरून ओरडलात, 'हलू नका! मागं रेला, बसा गाळात!' फळी सरकवलीत, दोन पोरांना दोर घेऊन बोलावलंत. पाय निघाला, डावी चप्पल राहिली. मग नळाखाली उभं करून पाय धुतलेत, श्वास लागला होता म्हणून बसवून ठेवलंत, आणि पाणी परत येताना दाखवलंत. 'इथं होतात तुमी,' एवढंच म्हणालात. थोड्या वेळापूर्वी ते ज्या जागी रुतले होते, तिथे पाणी चढायला लागलं होतं. हे मला सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

ताई, माझ्यापासून वर्षभर लपवलंत याचा राग आहे. त्यांनी शपथ घातली असणार, माहीत आहे मला, तरीही आहे. आणि हे लिहिताना हात थरथरतोय तो रागानं नव्हे.

मनुका आणि दोन पेट्या द्राक्षं पोहोचवते आहे, पोरांनाही द्या. तुमच्या मुलाची निळी चप्पल धुऊन त्यातच ठेवली आहे. ह्यांची गाळातून कधी वर आलीच, तर ठेवून द्या. नऊ नंबर, डाव्या पायाची. उजवी मी अजून टाकलेली नाही.

तुमची,
बेलापूरच्या बाई