सत्राच्या वेळापत्रकात एक संध्याकाळ मोकळी हवी

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची चोपड्याला घरी आली, तेव्हा ऑगस्टमध्ये बहिणीने तिच्यासोबत दिलेला शेव-चिवड्याचा डबा अर्ध्याहून अधिक भरलेलाच बॅगेतून निघाला. वसतिगृहात घरचा डबा उघडला की तासाभरात तळ दिसतो, हे तेथे राहिलेला कोणीही सांगेल. त्यामुळे गुणपत्रिकेने जे सांगितले नव्हते ते मला त्या डब्याने सांगितले. ती एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेत दुसऱ्या वर्षाला आहे, गुण उत्तम आहेत, अभ्यासाबद्दल तिची तक्रारही नाही. मैत्रिणी कोण कोण, असे बहिणीने विचारले, तेव्हा मात्र थोडे थांबून ती म्हणाली, "रूममेट आहे ना एक."

अभ्यास कमी करा, असे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. कोरडवाहू शेतीवर मुले शिकविणाऱ्या खान्देशातील घरांना कठोर शिक्षण परवडते, वाया गेलेले वर्ष परवडत नाही. परंतु सहा महिन्यांच्या सत्रात अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके, सबमिशन आणि लेखी परीक्षा इतक्या दाटीने बसविल्या जातात, की मुलांच्या हाती संध्याकाळ उरतच नाही, आणि जी उरते ती दार लावून मोबाइलवर जाते. स्नेहसंमेलन किंवा आपल्या विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण तेथे मंचावर जाणारी मुले मोजकी असतात आणि सोबतीची गरज बहुधा मंचावर न जाणाऱ्यालाच अधिक असते.

महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला. तो आवश्यकच होता आणि त्यात तसूभरही ढिलाई नको. मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियरांपासून दूर ठेवण्याची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी पुढे त्यांची नीट ओळख करून देण्याची घेतली गेली नाही. जुन्या नोट्स कोणाकडे मिळतील, एखादा विषय राहिला तर काय करायचे, घरची आठवण किती दिवस छळते, या गोष्टी मुले प्राध्यापकांना विचारत नाहीत. त्या सीनियरांकडूनच कळतात. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या पावरी बोलणाऱ्या मुलाला किंवा घरी अहिराणी बोलून वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीला तर आपल्या बोलीत चार शब्द बोलणारे माणूस भेटले, तरी शिकण्याचे बळ येते.

याचा वस्तुपाठ आपल्याच भागात आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत आणि छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिक लिहीत. मुलांचे राहणे, खाणे, बोलणे हाही त्यांना शिक्षणाचाच भाग वाटत होता.

माझी विनंती साधी आहे. खान्देशातील विद्यापीठाने, महाविद्यालयांनी आणि अभियांत्रिकी संस्थांनी आठवड्यातील एक संध्याकाळ वेळापत्रकातच मोकळी ठेवावी; त्या दिवशी प्रात्यक्षिक नाही, दुसऱ्या दिवशी सबमिशन नाही. वसतिगृहाची मेस त्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असावी आणि सर्व वर्षांची मुले, शक्यतो प्राध्यापकांसह, एका पंगतीला बसावीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली जात असताना भोवती बसलेल्या अनोळखी माणसांची ओळख करून द्यावी लागत नाही, हे भरीत पार्टीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी मिरच्या निवडतो, कोणी वांग्याची साल काढताना बोट भाजून घेतो, आणि भाकरी येईपर्यंत गाव, तालुका, घरची माणसे सगळे बोलून झालेले असते. यासाठी निधी, समिती किंवा परिपत्रक लागत नाही.

भरताची वांगी बाजारात आली आहेत. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांनी आणि वसतिगृह अधीक्षकांनी याचा विचार करावा.

– एक मामा, चोपडा (जि. जळगाव)